स्मारकाचं पेन्सिल रेखाटन कसं वाचायचं?

एखाद्या नियोजित स्मारकाचं रेखाटन छापून आलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "ह्या काय रेघोट्या? चेहरासुद्धा धड नाही." काही वर्षांनी अनावरण होतं आणि दुसरी प्रतिक्रिया येते: "चित्रात तर वेगळंच दाखवलं होतं." दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच आहे. रेखाटन म्हणजे होणाऱ्या पुतळ्याचा आगाऊ काढलेला फोटो, असं आपण धरून चालतो.

शिंप्याने कापडावर खडूने मारलेल्या खुणा पाहून "हा सदरा काही शोभत नाही" असं कुणी म्हणत नाही. कात्री कुठून चालवायची, एवढंच त्या खुणा सांगतात. शिल्पकाराचं पहिलं रेखाटन याच जातीचं. त्यात तो असे निर्णय घेऊन टाकतो, जे पुढे माती, प्लास्टर आणि धातूत गेल्यावर बदलायचे म्हटले तर महिने जातात. चेहरा त्यात बसत नाही, कारण चेहरा शेवटच्या आठवड्यातही सुधारता येतो. उभं राहण्याची ढब नाही सुधारता येत.

## कागदावर असतं काय?

कामाचं रेखाटन, म्हणजे समितीला दाखवायचं नव्हे तर शिल्पकाराने स्वतःसाठी काढलेलं, साधारण असं दिसतं. कागदाच्या कोपऱ्यात चार-पाच सेंटिमीटर उंचीच्या दहा-बारा चिमुकल्या आकृत्या. त्यातल्या बहुतेकांवर काट मारलेली, एखादीभोवती गोल. मधोमध एक मोठी आकृती, समजा २० सेंटिमीटरची. तिच्या शेजारी काडीसारखा एक माणूस. तो सजावटीसाठी नसतो, ती मोजपट्टी असते. काडीमाणूस १.७ मीटरचा धरला की बाकी सगळ्याची मापं आपोआप कळतात. ज्या कागदावर हा माणूस नाही, त्यावरून स्मारकाच्या आकाराबद्दल काहीच सांगता येत नाही.

मोठ्या आकृतीवर मानेच्या खळगीपासून सरळ खाली एक रेघ गेलेली दिसते. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा सोडतो, तसाच हा कागदावरचा ओळंबा. माणूस एका पायावर भार देऊन आरामात उभा असेल, तर समोरून पाहताना ही रेघ भार असलेल्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ पडते. ती दोन्ही पावलांच्या बाहेर गेली की आकृती पडतेय असं वाटतं. धातूचा पुतळा आतल्या गजांच्या जोरावर तसाही उभा करता येतो, पण पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो येतोच.

या पहिल्या आखणीसाठी २एच किंवा एचबी पेन्सिल पुरते. ती फिकट उमटते आणि सहज पुसली जाते. मग ४बी किंवा ६बीने गडद भाग भरले जातात. ही छटा नटवण्यासाठी नसते. उघड्यावरच्या पुतळ्यावर उजेड वरून पडतो, त्यामुळे भुवईखाली, हनुवटीखाली, बाहीच्या घडीखाली अंधार साचतो. डोक्यावर पुढे आलेली टोपी असेल तर भर दुपारी अर्धा चेहरा काळाच दिसणार. हे कागदावर कळलं तर टोपीचा काठ वर उचलता येतो.

अर्धवट पुसलेल्या रेघाही वाचण्यासारख्या असतात. हाताची तीन-तीन टोकं दिसतात, तेव्हा हात कुठे ठेवावा हे शोधताना कोणत्या दोन जागा नाकारल्या गेल्या ते कळतं.

## लांबून काय दिसणार?

कोपऱ्यातल्या त्या चिमुकल्या आकृत्या यासाठीच. ३ मीटरचा पुतळा ६० मीटरवरून पाहिला, तर हात लांब केल्यावर दिसणाऱ्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा दिसतो, म्हणजे जेमतेम ३ सेंटिमीटर. त्यात डोकं ४ मिलिमीटरचं, पेन्सिलीच्या जवळपास निम्म्या जाडीएवढं. मागे उजळ आकाश असेल तर पुतळा नुसता काळा ठोकळा होतो. त्या अंतरावरून ओळख पटते ती फक्त बाहेरच्या आकारावरून.

म्हणून अनुभवी शिल्पकार चिमुकली आकृती सरळ काळी भरून टाकतो. काळ्या डागातही माणूस काय करतोय ते कळलं, तर ढब टिकली. हात अंगाला चिकटलेला असेल तर तो गायब होतो. छातीशी धरलेलं पुस्तक गायब होतं. घोड्याचे दोन पाय एकामागे एक आले की घोडा तीन पायांचा दिसतो. उपाय बहुधा सोपा असतो. कोपर चार बोटं बाहेर काढायचं, म्हणजे हात आणि धड यांच्यामधून आकाशाचा एक तुकडा दिसतो. शिल्पात अशी मोकळी जागा हातापायांइतकीच कामाची असते, आणि पेन्सिलीने ती फुकटात तपासून होते.

## पाहणारा कुठे उभा राहणार?

चुका सर्वांत जास्त इथे होतात, म्हणून आकडे मांडूनच बघू.

३ मीटरचा पुतळा, खाली ३ मीटरचा चौथरा. पाहणारा पुतळ्यापासून ६ मीटरवर, डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर. त्याला पुतळ्याचा खालचा अर्धा भाग सुमारे १२.७ अंशांत दिसतो आणि वरचा अर्धा १०.५ अंशांत. दोन्ही भाग प्रत्यक्षात दीड-दीड मीटरचेच. पण नजरेला वरचा भाग सुमारे १७ टक्क्यांनी आखूड भासतो, म्हणजे पाय लांब आणि डोकं बारकं. कार्यशाळेत डोळ्यांच्या पातळीवर बघून केलेला देखणा पुतळा चौथऱ्यावर चढला की बेढब का दिसतो, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

दुसरी अडचण पावलांची. चौथऱ्याची कड पावलांच्या पुढे ६० सेंटिमीटर आली असेल, तर याच माणसाला पुतळ्याचा खालचा १५-१६ सेंटिमीटर भाग दिसतच नाही. तो ४ मीटरवर आला की जवळपास २५ सेंटिमीटर जातो. म्हणजे घोट्यापर्यंतचा पाय गेला, आणि पुतळा चौथऱ्यात रुतल्यासारखा दिसू लागला.

यासाठी बाजूने काढलेलं एक साधं रेखाटन लागतं: जमीन, चौथरा, पुतळा, पाहणारा, आणि त्याच्या डोळ्यापासून चौथऱ्याच्या कडेवरून जाणारी तिरकी रेघ. पाच मिनिटांचं काम. उपायही तिथेच सापडतात. चौथऱ्याची कड मागे घ्यायची, पावलांखाली पातळ पाट द्यायचा, पुतळा किंचित पुढे झुकवायचा, डोकं आणि खांदे थोडे मोठे करायचे. साधारण उभा माणूस साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. स्मारकासाठी आठ डोक्यांचं प्रमाण घेण्याची जुनी रीत आहे. पण फार उंचावर जाणाऱ्या पुतळ्यात आठाचा हट्ट धरला तर डोकं आणखीच बारीक दिसतं.

झुकवताना मात्र जपून. २० सेंटिमीटरच्या रेखाटनात डोकं १ सेंटिमीटर पुढे घेतलं, म्हणजे ३ मीटरच्या पुतळ्यात ते १५ सेंटिमीटर पुढे आलं. जाड पेन्सिलीची १ मिलिमीटरची रेघसुद्धा तिथे दीड सेंटिमीटर होते.

पाहणाऱ्याची पातळी हा नुसता दृष्टिभ्रमाचा हिशेब नाही, अर्थही तिने बदलतो. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या 'कॅलेचे नागरिक' या शिल्पसमूहात शहर वाचवण्यासाठी स्वतःला शत्रूच्या हवाली करायला निघालेली सहा माणसं आहेत. ती लोकांच्या पातळीवर, जवळजवळ त्यांच्यातच उभी असावीत असं रोदँला वाटत होतं. १८९५ मध्ये अनावरण झालं ते उंच चौथऱ्यावर. १९२४ मध्ये समूह हलवून नगरभवनासमोर बुटक्या बैठकीवर ठेवला, तेव्हा कुठे त्याची इच्छा पुरी झाली. तोवर त्याला जाऊन सात वर्षं झाली होती.

## वजन जमिनीत कुठून उतरणार?

कागदावर घोडा कसाही उधळू शकतो. लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या स्फोर्झा स्मारकासाठी आधी मागच्या पायांवर उभा राहिलेला, पायाखाली शत्रू असलेला घोडा रेखाटला. पुढच्या रेखाटनांत तो चालता झाला. एवढ्या प्रचंड आकारात सगळं वजन दोन बारीक पायांतून उतरवणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. १४९३ मध्ये मातीचा भव्य नमुना लोकांपुढे आला, पण त्यासाठी जमवलेला धातू तोफांकडे गेला आणि ओतकाम झालंच नाही.

तशी उडी प्रत्यक्षात आली ती माद्रिदमधल्या, स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या घोड्यावरच्या पुतळ्यात. शिल्पकार पिएत्रो ताक्काने तो १६४० मध्ये पुरा केला. त्यात शेपूट जमिनीला टेकते, म्हणजे दोनाचे तीन आधार झाले. सेंट पीटर्सबर्गमधल्या पीटर द ग्रेटच्या घोड्याच्या (१७८२) पायाखाली साप आहे. दिसायला तो चिरडलेला शत्रू. कामाला तो शेपटीला आधार देणारा खांब. मला ही युक्ती फार आवडते: टेकू लपवण्याऐवजी त्याला गोष्टीतलं पात्र करून टाकलं.

म्हणून माध्यम रेखाटनाआधी ठरलेलं बरं. दगड दाब उत्तम सोसतो, ताण नाही. संगमरवरात हात बाजूला पसरला तर तो स्वतःच्याच वजनाने खांद्यापाशी तडकू शकतो. संगमरवरी आकृत्यांच्या पायामागे झाडाचा बुंधा वारंवार दिसतो तो यासाठीच. ब्राँझ आतून पोकळ ओततात, जाडी साधारण ५-६ मिलिमीटर, त्यामुळे पसरलेला हात निभावतो. ब्राँझसाठी काढलेलं रेखाटन पैसे वाचवायला दगडात करायला घेतलं, तर ते नुसतं महाग पडत नाही, मोडतं.

मोठं करताना आणखी एक सापळा असतो. ३० सेंटिमीटरचा नमुना दहापट केला की उंची दहापट, पृष्ठभाग शंभरपट आणि घनफळ हजारपट होतं. ६ मिलिमीटर जाडीच्या ब्राँझचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे ५३ किलोचा भरतो. ३ मीटरच्या माणसाच्या आकृतीला कपड्यांच्या घड्या धरून ७-८ चौरस मीटर पृष्ठभाग लागला, तर नुसती कातडी ४०० किलोची झाली. आतले गज वेगळे. तेवढ्याच वाऱ्यात पुतळ्याला उलथवू पाहणारा जोर मात्र नमुन्याच्या हजारपट असतो, कारण वारा अडवणारं अंग शंभरपट आणि वाऱ्याचा रेटा बसतो ती उंची दहापट. टेबलावर ठामपणे उभा राहिलेला नमुना म्हणूनच पुरावा ठरत नाही.

या हिशेबासाठी आकृतीच्या आत दुसरं रेखाटन होतं, सांगाड्याचं. कोणता गज कोणत्या पायातून खाली जाणार, चौथऱ्यात किती खोल रुतणार, हात कुठे जोडला जाणार. आतली आणि बाहेरची बाजू जुळली नाही की काय होतं ते न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेत दिसलं. १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीच्या वेळी तिचं डोकं मध्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर सरकलेलं आढळलं. मुकुटाचा एक किरण वाऱ्याच्या हालचालीने तिच्याच उजव्या हाताला घासून भोक पाडत होता. तिथली तांब्याची कातडी आहेच जेमतेम २.४ मिलिमीटरची.

आणि पाणी. ओंजळ, मांडी, खोळीसारखी घडी, जिथे पाऊस साचेल तिथे रेखाटनातच निचऱ्याचं भोक दाखवायला हवं. थंड हवेत साचलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि जोड उकलतं.

## तिथून पुढे

रेखाटनावरून ३० ते ६० सेंटिमीटरचा छोटा त्रिमित नमुना होतो, त्याला मॅकेट म्हणतात. तो पटला की सांगाड्यावर पूर्ण मापात माती चढते. मग साचा, मेणाची पोकळ प्रत, तुकड्यातुकड्यांनी ओतकाम, जोडकाम, शेवटी रंगछटा. ब्राँझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं, म्हणजे ३ मीटरमागे ५-६ सेंटिमीटर. ठरलेली उंची नेमकी हवी असेल तर माती तेवढी मोठी करावी लागते.

या सगळ्या काळात रेखाटन भिंतीवर लटकलेलं असतं. सहा महिने बटणं आणि नखं कोरताना मूळ झोक कुठे हरवला, ते त्याच्याकडे पाहिल्यावर लक्षात येतं.

## "संगणक असताना पेन्सिल कशाला?"

रास्त प्रश्न आहे. मॅकेट स्कॅन करून यंत्राने फोममध्ये हवा तेवढा मोठा आकार कापता येतो, आणि पूर्वी बिंदू-बिंदू मोजून महिनोन्‌महिने चालणारं काम झटपट उरकतं. पण यंत्र जे दिलं ते मोठं करतं. कोपर अंगाला चिकटलेलं असेल तर दहापट चिकटलेलं मिळतं. वर पाहिलेला वाऱ्याचा हिशेब संगणक हाताने करण्यापेक्षा कितीतरी चांगला करतो, तिथे पेन्सिलीचा हट्ट धरणं वेडेपणाच. पेन्सिलीचा खरा फायदा त्याआधीचा: तासाभरात वीस ढबी काढून एकोणीस फेकून देता येतात. पडद्यावर एकच आकृती दोन दिवस घडवली की ती फेकवत नाही. शिवाय पडद्यावर ती लगेच गुळगुळीत, पूर्ण झालेली दिसते आणि पाहणारे नाकाबद्दल बोलू लागतात.

## "चित्र तरी चांगलं असायला नको?"

वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकासाठी १९८१ मध्ये १,४२१ प्रवेशिका आल्या. निवडली गेली ती माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची. तिची चित्रं पेन्सिलीऐवजी पेस्टलमधली आणि अगदी मोघम होती: जमिनीत शिरलेला एक काळा कोन. सोबत लिहिलेलं टिपण मात्र नेमकं होतं. उतारावरून खाली जाणारा माणूस, दोन बाजूंनी उंच होत जाणारी भिंत, आणि मृत्यूच्या क्रमाने कोरलेली नावं. भिंतीची प्रत्येक बाजू सुमारे ७५ मीटरची. चालताना काय वाटेल हे कुठल्याही चित्रात आलं नसतं. म्हणून रेखाटनासोबत शब्द नसतील तर ते मागून घ्यावेत.

## "मग शेवटी वेगळंच का होतं?"

बदलांचे दोन प्रकार असतात. एक जागेने भाग पाडलेला. लिंकन स्मारकातला बसलेला पुतळा आधी सुमारे १० फुटांचा ठरला होता. त्या भव्य दालनात तो हरवून जाईल हे ध्यानात आल्यावर शिल्पकार डॅनिएल चेस्टर फ्रेंचने तो १९ फुटांचा केला, आणि तो पांढऱ्या संगमरवराच्या २८ ठोकळ्यांतून उभा राहिला. लंडनच्या सेनोटाफमध्ये, म्हणजे तिथल्या युद्धस्मारकात, रेखाटनातल्या उभ्या रेघा सरळ दिसतात. १९२० च्या दगडी बांधकामात त्या इतक्या किंचित आत कललेल्या आहेत की वर वाढवल्या तर सुमारे १,००० फुटांवर एकत्र येतील. एवढा सूक्ष्म कल पेन्सिलीत मावतच नाही.

दुसरा बदल विचाराचा असतो. जर्मन चित्रकार-शिल्पकार केथं कोल्विट्झचा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये युद्धात मारला गेला. डिसेंबरमध्येच तिने स्मारक योजलं: आडवा पडलेला मुलगा, उशाशी वडील, पायाशी आई. काम मध्येच सुटलं, वर्षांनी पुन्हा हाती घेतलं, आणि १९३२ मध्ये बेल्जियममधल्या सैनिकी दफनभूमीत दोन ग्रॅनाइटच्या आकृत्या बसल्या. आई आणि वडील, वेगवेगळ्या बैठकांवर, गुडघ्यांवर. मुलगा त्यात नाही. १९१४ चा आराखडा मंजूर झालाय म्हणून तोच रेटला असता, तर हे स्मारक झालं नसतं.

शंका घ्यायची ती तिसऱ्याच गोष्टीची: माध्यम गुपचूप बदललं, चौथरा मनमानी वाढवला, आधाराचा गज मागाहून ठोकला. यांचं मूळ बहुधा समितीसमोर ठेवलेल्या गुळगुळीत चित्रात सापडतं, कामाच्या रेखाटनात नाही. असं चित्र समोर आलं की त्यातलं क्षितिज कुठे आहे ते शोधावं. ते पुतळ्याच्या छातीपाशी असेल, तर ३ मीटर चौथऱ्याच्या वरच्या उदाहरणात चित्रकाराने आपला डोळा जमिनीपासून पाच मीटरहून उंच धरला आहे. तिथे शिडी लावल्याशिवाय कुणीही उभं राहणार नाही. तेच दृश्य १.६ मीटरवरून काढून मागावं आणि त्यात पावलं दिसतात का ते बघावं.